खेळांची पेढी आणि न्यायसंपन्न विभव

पश्चिम भारतातील जैन उपाश्रयांमध्ये पर्युषणाच्या दिवसांत ज्ञानबाजीचा पट मांडण्याची चाल पूर्वी होती. कापडावर किंवा कागदावर रंगवलेल्या या पटावर बहुधा 84 घरे असत. घराघरांत गुण-अवगुण, पाप-पुण्य आणि गतींची नावे लिहिलेली असत. सद्गुणाच्या घरी शिडी लाभे, कषायाच्या घरी साप गिळे आणि पटाच्या शिरोभागी सिद्धशिला रेखलेली असे. दान पडेल तसे वर चढता चढता लहान मुलांनाही कर्मसिद्धांताची तोंडओळख होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच पट इंग्लंडात पोहोचला. तेथे त्याची सापशिडी झाली आणि घरांमधला धर्म पुसला गेला.

आज तीच सापशिडी मोबाइलवर आहे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने 2016 मध्ये आणलेल्या ‘लुडो किंग’मध्ये लुडोच्या जोडीला सापशिडीचाही पट मिळतो. 2020 च्या टाळेबंदीत घरोघर पोहोचलेला हा खेळ 50 कोटींहून अधिक वेळा मोबाइलवर उतरवला गेला. पट जुनाच आहे. तो मांडणारा मात्र बदलला. उपाश्रयात पट मांडणाऱ्याला खेळणाऱ्याकडून काही घ्यायचे नव्हते. आजचा पट मांडणारा व्यापारी आहे, आणि त्याच्या व्यापाराला मोबाइल खेळांचे प्रकाशन असे म्हणतात.

आपल्या कुटुंबांपुढे हा विषय दोन वाटांनी येतो. घरातला अभियंता झालेला मुलगा पिढीजात दुकानाऐवजी खेळांच्या कंपनीत भागीदारी करू पाहतो आणि वडिलांकडे भांडवल मागतो. दुसरीकडे, महिनाअखेरीस खात्याचा हिशेब जुळवताना लहान लहान रकमांची एक रांग दिसते आणि ती धाकट्याच्या मोबाइलकडे जाते. दोन्ही प्रसंगी वडीलधारी मंडळी गोंधळतात, कारण या धंद्याचा माल डोळ्यांना दिसत नाही. माल दिसत नसला तरी हिशेब दिसतो, आणि हिशेब वाचणे ही तर आपली परंपरागत विद्या आहे.

प्रकाशक म्हणजे कोण?

खेळ घडवणारे वेगळे आणि तो बाजारात आणणारे वेगळे. घडवणाऱ्यांत संगणकतज्ज्ञ, चित्रकार आणि ध्वनिकार असतात. त्यांना कारागीर म्हणावे. प्रकाशकाची भूमिका अडत्या, घाऊक व्यापारी आणि सावकार या तिघांची मिळून होते. तो कारागिराला आगाऊ रक्कम देतो आणि खेळ एखाद्या लहान बाजारात उतरवून त्याची चाचणी घेतो. भाषांतरे, जाहिराती, ग्राहकांच्या तक्रारी आणि सणासुदीचे नवे प्रसंग ही सारी कामेही तोच सांभाळतो. बदल्यात तो आधी आपला खर्च वसूल करतो आणि उरलेला नफा करारानुसार कारागिराशी वाटून घेतो.

चाचणीच्या काळात प्रकाशकाचे लक्ष तीन आकड्यांवर असते. खेळ उतरवलेल्या शंभर जणांपैकी दुसऱ्या दिवशी किती परतले, सातव्या दिवशी किती आणि तिसाव्या दिवशी किती? बहुसंख्य खेळ याच परीक्षेत नापास होतात आणि गाजावाजा न होता मोडीत निघतात. उत्तीर्ण होणाऱ्यांना आणखी एक कसोटी द्यावी लागते. एक खेळाडू मिळवायला जाहिरातीवर जितका खर्च होतो, त्याहून अधिक उत्पन्न त्या खेळाडूकडून त्याच्या खेळण्याच्या काळात मिळाले पाहिजे. हे गणित जुळले की प्रकाशक जाहिरातीत पैसा ओततो. जुळले नाही तर दुकान बंद. या धंद्यात गोदाम लागत नाही. भांडवल गुंतते ते माणसांच्या पगारात आणि जाहिरातीत, आणि बुडाले तर मोडीत विकायलाही काही उरत नाही.

कंपन्यांच्या दारापासून जिओपर्यंत

भारतात हा व्यापार मुंबईत रुजला. विशाल गोंडल यांची इंडियागेम्स आणि नितीश मित्तरसैन यांची नझारा या त्याच्या पहिल्या फळीतील पेढ्या. त्या वेळी बटणांचे मोबाइल होते आणि खेळ दूरसंचार कंपन्यांमार्फत विकले जात. ग्राहकाच्या शिल्लक रकमेतून पैसे कापले जात आणि त्यातला मोठा वाटा दूरसंचार कंपनी ठेवून घेई. प्रकाशकाची सारी मदार त्या कंपनीच्या मर्जीवर असे.

2016 हे वर्ष कलाटणीचे ठरले. सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले, आणि त्याच वर्षी यूपीआयही आले. स्वस्त स्मार्टफोन हाती असलेला कोट्यवधींचा ग्राहकवर्ग अल्पावधीत उभा राहिला. खेळ उतरवून घेणाऱ्यांच्या संख्येत भारत आज जगात अग्रस्थानी आहे. उत्पन्नात मात्र तो अमेरिका, चीन आणि जपान यांच्या खूप मागे आहे. दुकानात गर्दी दांडगी आणि गल्ला हलका, अशी ही अवस्था. भारतीय प्रकाशकाचे पुढचे सारे निर्णय या एका वस्तुस्थितीतून निघतात.

शंभर रुपयांची खतावणी

गल्ला भरण्याचे मुख्य मार्ग चार. पहिला जाहिरातींचा. खेळ फुकट असतो. दोन डावांच्या मध्ये जाहिरात येते, किंवा खेळाडू स्वतःहून जाहिरात पाहतो आणि बदल्यात एक जादा संधी मिळवतो. लुडो किंगचे उत्पन्न प्रामुख्याने याच मार्गाचे. दर खेळाडूमागे प्राप्ती पैशांत असते, म्हणून संख्या कोटींत लागते.

दुसरा मार्ग खेळातल्या वस्तूंच्या विक्रीचा. येथे फार थोडे खेळाडू पैसे देतात, आणि त्या थोड्यांतल्या मूठभरांवर उत्पन्नाचा मोठा भाग उभा असतो. किराणा दुकानात एक गिऱ्हाईक शंभर गिऱ्हाइकांइतका माल नेऊ लागले, तर दुकानदार त्याची चौकशी करील. येथे त्या गिऱ्हाइकाचे वय पंधरा आहे की पस्तीस, हेदेखील अनेकदा कळत नाही.

तिसरा मार्ग वर्गणीचा. मुंबईच्या पेपर बोट अॅप्सने लहान मुलांसाठी ‘किडोपिया’ घडवले. त्याचे वर्गणीदार मुख्यतः अमेरिकेतील पालक आहेत. 2019 मध्ये नझाराने या कंपनीचा 51 टक्के हिस्सा घेतला. गिऱ्हाईक पालक असल्याने येथे पैसे देणारा आणि निर्णय घेणारा एकच असतो. चौथा मार्ग पणाचा. त्याचा विचार पुढे येईल.

आता एक उदाहरण घेऊ. एखाद्या ग्राहकाने खेळात खरेदी केली आणि कर वजा जाता 100 रुपये उरले. अॅप स्टोअरचा रूढ आकार 30 टक्के. गुगलने 1 जुलै 2021 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर उत्पन्नावर तो 15 टक्के केला, म्हणजे लहान पेढीच्या हाती 85 रुपये आणि मोठीच्या हाती 70 रुपये येतात. त्यातून ग्राहक मिळवण्याचा खर्च, सर्व्हरचे भाडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार वजा करायचे; मग उरलेले प्रकाशक आणि कारागीर वाटून घेणार. आडत बाजारात 30 टक्के आडत कोणी मागितली असती तर व्यापाऱ्यांनी हरताळ पुकारला असता. येथे मात्र बाजाराचे दार एकाच मालकाचे आहे. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरच्या देयक-नियमांवरून गुगलला 936 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने पुढे तो बराच कमी केला. पर्यायी मार्गाने पैसे स्वीकारण्याची मुभा मिळाली, पण तिचा लाभ घेतला तरी आकारात अवघी 4 टक्क्यांची सूट मिळते.

एकाच खेळाचे दोन प्रकाशक

प्रकाशकाचे महत्त्व पबजी मोबाइलच्या प्रकरणात सर्वांना दिसले. खेळ दक्षिण कोरियातील क्राफ्टनचा, पण भारतातील त्याचा प्रकाशक होता चीनची टेन्सेन्ट कंपनी. सीमेवरील तणावाच्या काळात, 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली 118 अॅपवर बंदी घातली. त्यात हा खेळ होता. क्राफ्टनने भारतातील प्रकाशनाचे हक्क परत घेतले आणि जुलै 2021 मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने पुन्हा आणला. 18 वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला 3 तासांची मर्यादाही घातली. तरीही जुलै 2022 मध्ये तो पुन्हा स्टोअरमधून हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला.

मालात फारसा फरक नव्हता, पेढी बदलली होती. यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. या धंद्यात परवान्याची, सीमेची आणि सरकारी धोरणाची जोखीम मालाच्या गुणवत्तेइतकीच मोठी असते. क्राफ्टनने पुढे भारतातच मुळे रोवली. ‘रिअल क्रिकेट’ घडवणाऱ्या नॉटिलस मोबाइल कंपनीत तिने 2025 मध्ये नियंत्रक हिस्सा घेतला. दुसऱ्या बाजूने, पुण्याच्या सुपरगेमिंगने 2024 मध्ये ‘इंडस’ हा देशी बनावटीचा लढाईचा खेळ बाजारात आणला. घडवण्याचे कौशल्य महाराष्ट्रात आहे, हे त्यावरून दिसते. कारागिरी आणि सचोटीचे भांडवल यांची गाठ पडणे, ही पुढची गरज.

पणाचा बाजार आणि 2025 चा कायदा

गर्दी मोठी आणि गल्ला हलका, या अडचणीवर भारतीय बाजाराने शोधलेला सर्वांत झटपट उपाय म्हणजे पण लावून खेळणे. रमी, पोकर आणि काल्पनिक क्रिकेट-संघ यांवर रोख रक्कम लावायची आणि चालकाने प्रत्येक डावातून आपला वाटा कापायचा. खेळाडू जिंको वा हरो, चालकाचा वाटा ठरलेला. ‘हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ’ हा बचाव अनेक वर्षे न्यायालयांत टिकला. उद्योगाला प्रतिष्ठा लाभली. भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावरही त्याचे नाव झळकले.

सरकारने आधी कराचा मार्ग अवलंबला. 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा होणाऱ्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या प्रवर्तन आणि नियमनाचा कायदा संमत केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. दरवर्षी सुमारे 45 कोटी लोक या खेळांत 20,000 कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता. कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे मिळवण्याचा खेळ चालवणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. त्याला पीडित मानले गेले. ई-स्पोर्ट्स आणि बिनपणाचे सामाजिक खेळ यांना स्वतंत्र मान्यता मिळाली. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले; परंतु बाजाराने निकालाची वाट पाहिली नाही. काही दिवसांतच पणाचे व्यवहार थांबले आणि संघाच्या गणवेशावरील नावही उतरले. पोकर चालवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतलेल्या नझाराचा समभागही त्या दिवसांत घसरला. मुख्य धंदा इतरत्र असूनही एका जोडधंद्याची झळ साऱ्या पेढीला लागली.

श्रावकाचाराच्या दृष्टीने पाहता संसदेने ऑगस्टमध्ये काढलेला निष्कर्ष आपल्या आचार्यांनी शतकांपूर्वीच काढून ठेवला आहे. सप्त व्यसनांच्या यादीत पहिले नाव द्यूताचे. मद्य, चोरी आणि शिकार यांच्याही आधी त्याला स्थान मिळाले, कारण पणात हरलेला माणूस उरलेल्या व्यसनांच्या दारात आपोआप जाऊन उभा राहतो. तेथे कौशल्याचा द्यूत आणि नशिबाचा द्यूत अशी वर्गवारी नाही.

कायद्याच्या पलीकडची कसोटी

कायदा एक सीमा आखतो. श्रावकाची सीमा बऱ्याचदा तिच्या अलीकडे असते. बंगळुरूच्या मूनफ्रॉग कंपनीचा ‘तीन पत्ती गोल्ड’ पुरेसा बोलका आहे. त्यातल्या चकत्या विकत मिळतात, पण जिंकलेल्या चकत्यांचे पैसे मिळत नाहीत. 2021 मध्ये स्वीडनच्या स्टिलफ्रंट समूहाने ही कंपनी विकत घ्यायचा करार केला. जिंकून रोख हाती येत नाही, म्हणून हा खेळ पणाच्या व्याख्येबाहेर राहू शकतो. पण पणाची गोडी लावतो की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतो. तशीच गोष्ट बंद पेट्यांची. पैसे मोजून पेटी उघडायची, आत काय निघेल ते दैवावर. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगाराचा कायदा लावला. अन्य देशांत वाद चालू आहे.

हाणामारीच्या खेळांविषयी नवी पिढी म्हणते, ‘तेथे कोणी खरोखर मरत नाही.’ या युक्तिवादाला आपल्या परंपरेत जुने उत्तर आहे. राजा यशोधराने आईच्या आग्रहास्तव जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीला बळी दिला. रक्त सांडले नाही, तरी मारण्याचा भाव घडला आणि त्याचे फळ माय-लेकांना जन्मोजन्मी भोगावे लागले. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलका’पासून मराठीतील यशोधर-चरित्रापर्यंत ही कथा पुनःपुन्हा सांगितली गेली. मोबाइलवरील प्रत्येक खेळाला ती एकाच मापाने लावणे अन्यायाचे होईल. बुद्धिबळातही सैन्ये कापली जातात. परंतु ज्या खेळात मारण्याचा आनंद हाच माल आहे, तो विकणाऱ्याने पिठाचा कोंबडा आठवावा. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादाचरणाबरोबर हिंसेची साधने पुरवण्याचाही समावेश आहे, तो व्यापाऱ्यासाठीच.

भांडवल घालण्यापूर्वी

म्हणून मुलाला सरसकट नकार देणेही योग्य नव्हे. या व्यवसायात गणित, चित्रकला, भाषा आणि संगीत यांना मान आहे. पुणे-मुंबईतील अनेक तरुणांनी त्यावर सचोटीने संसार उभारले आहेत. नकाराऐवजी वडिलांनी वही समोर ठेवून पाच प्रश्न विचारावेत.

पैसा नेमका कोणाच्या खिशातून येणार: जाहिरातदाराच्या, पालकाच्या, की ज्याला थांबता येत नाही अशा खेळाडूच्या? एक खेळाडू मिळवायला किती खर्च आणि त्याच्याकडून किती प्राप्ती, याचे चाचणीतील आकडे कोठे आहेत? अॅप स्टोअरने उद्या खेळ हटवला, तर पेढी किती महिने तग धरील? करारात प्रकाशकाच्या खर्चवसुलीला मर्यादा आहे का, आणि खेळाचा हक्क कोणाकडे राहतो? आणि ग्राहक अज्ञान असेल तर काय? 2023 च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे. त्यांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती हवी. त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे आणि दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. ज्या पेढीचे उत्पन्न शाळकरी मुलांवर अवलंबून आहे, तिच्यासाठी ही रक्कम पुरेशी बोलकी ठरावी.

घरातल्या धाकट्यासाठीही उपाय हिशेबाचाच आहे. मोबाइलवर प्रत्येक खरेदीला पालकांचा संकेतशब्द लागेल अशी सोय करता येते, ती करावी. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. वेळेचे मापही घरातच उपलब्ध आहे. एक सामायिक 48 मिनिटांचे. दिवसातून जितकी सामायिके होतील तितकाच वेळ खेळाला, असा नियम आजी-आजोबांनी घातला, तर मुलांना दोन्हींचे मोल कळेल, आणि कदाचित आजोबांचा मोबाइलही तपासला जाईल.

आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त मार्गानुसारी गृहस्थाचे 35 गुण सांगितले. त्यांत पहिला गुण न्यायसंपन्न विभव, म्हणजे न्यायाने मिळवलेले वैभव. उपवास, दान आणि तीर्थयात्रा यांच्याआधी गल्ल्याची शुद्धी. धान्याच्या पेढीला जो नियम, तोच खेळांच्या पेढीला. माप खरे असावे, गिऱ्हाइकाला काय विकत आहोत ते त्याला कळावे, आणि आपल्याच घरातल्या मुलाला जे विकणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला विकू नये. एवढे पाळणाऱ्या तरुणाच्या नव्या वहीवर या दिवाळीच्या चोपडापूजनात शुभ-लाभ लिहायला वडिलांनी कचरण्याचे कारण नाही.